आश्रमातील नास्तिक
वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक गोपराजू रामचंद्र राव ऊर्फ गोरा (१९०२-१९७५) यांना नास्तिक विचारांपायी नोकरी गमवावी लागली. १९४० मध्ये त्यांनी आंध्रातील मुदुनूर येथे नास्तिक केंद्र स्थापले आणि अस्पृश्यतानिवारणाला वाहून घेतले. १९४४ मध्ये सेवाग्रामला त्यांची गांधीजींशी भेट झाली. ईश्वराविषयी दोघांचे एकमत कधीच झाले नाही. अस्पृश्यतेविरुद्धचे कार्य मात्र समान होते. जन्माने ब्राह्मण असलेल्या गोरांनी थोरल्या कन्येचा विवाह दलित तरुणाशी ठरवला, तेव्हा तो आश्रमात लावण्यास गांधीजींनी संमती दिली. विधीत ईश्वराऐवजी सत्याचा उल्लेख करण्याचेही त्यांनी मान्य केले. गांधीहत्येनंतर, मार्च १९४८ मध्ये, तो विवाह सेवाग्रामलाच पार पडला. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य राज्यघटनेने देण्यापूर्वीच या दोघांनी ते एकमेकांना दिले होते.