पगाराचा हिशोब बघितला आणि मालकाच्या पोराने अख्खी कंपनी कामगारांच्या हवाली केली

कंपनीला आपलं घर समजून काम करा, असं प्रत्येक बॉस सांगतो. पण घर आपलं असेल तर त्यात वाटा किती आणि जाब विचारायचा हक्क किती, हे कुणी सांगत नाही. शंभर वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका मालकाने मात्र ते कागदावर लिहून दिलं.

त्याचं नाव जॉन स्पीडन लुईस.

त्याच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या जॉन लुईस यांनी, १८६४ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर कापडाचं दुकान टाकलं. माल चोख, भाव रास्त, त्यामुळे गिऱ्हाईक खूश. पण नोकरांच्या बाबतीत त्यांचा हात कायम आखडता. पगार तुटपुंजा आणि मर्जी फिरली की नोकरी गेली.

स्पीडनचा जन्म १८८५ चा. एकोणिसाव्या वर्षी तो दुकानात लागला. एकवीस पूर्ण झाल्यावर वडिलांनी धंद्यातला चौथा हिस्सा त्याच्या नावावर केला, धाकटा भाऊ ऑस्वाल्ड यालाही तेवढाच दिला. आता हिशोबाच्या वह्या बघणं आलंच. त्यात त्याला दिसलं की दुकानातल्या सुमारे ३०० माणसांचा वर्षाचा मिळून पगार १६,००० पौंड आहे, तर भांडवलावरचं व्याज आणि नफा धरून वडील आणि दोन मुलं अशा तिघांच्या वाट्याला येतात २६,००० पौंड. बरं, वडील त्यातला थोडासाच भाग खर्च करायचे. बाकी पैसा नुसता साठत होता.

१९०९ मध्ये स्पीडन घोड्यावरून पडला. दुखणं असं लांबलं की जवळपास दोन वर्षं तो दुकानापासून लांब होता. या काळात त्याच्या मनात एक विचार पक्का झाला. भांडवल लावणाऱ्याला ठरावीक मोबदला द्यावा, पण त्याच्यावरचा नफा राबणाऱ्यांचा.

वडिलांना हे पटणं शक्यच नव्हतं. १९१४ साली त्यांनी डबघाईला आलेलं पीटर जोन्स हे दुसरं दुकान पोराच्या हातात दिलं. अट एकच, संध्याकाळी पाचपर्यंत ऑक्सफर्ड स्ट्रीटवर काम करायचं, मग तिकडे जायचं.

स्पीडनने तिथे कामाचे तास कमी केले, विक्रीवर कमिशन सुरू केलं आणि नोकरांच्या समित्या नेमल्या. समितीत साधा विक्रेता आपलं गाऱ्हाणं थेट मालकापुढे मांडू शकायचा. बापलेकात खटके उडत राहिले. शेवटी १९१६ मध्ये स्पीडनने भरभराटीच्या दुकानातला आपला हिस्सा सोडला आणि त्या बदल्यात पीटर जोन्सचा पूर्ण ताबा घेतला. दुकान तोट्यातून वर आलं आणि १९२० पासून नफ्याची वाटणी सुरू झाली.

पण नुसते पैसे वाटून भागणार नाही, हे त्याने ओळखलं होतं. १९१८ मध्ये त्याने दुकानाचं स्वतःचं साप्ताहिक काढलं, गॅझेट. कुणीही नाव न देता त्यात तक्रार लिहायची, ती छापून यायची आणि संबंधित साहेबाने तिथेच सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. साहेबाने हाताखालच्यांना जाब विचारणं नवीन नव्हतं. इथे हाताखालचे साहेबाला विचारत होते.

१९२८ मध्ये वडील वारले आणि दोन्ही दुकानं स्पीडनकडे आली. पुढच्याच वर्षी त्याने ट्रस्ट केला. ही खैरात नव्हती. आपल्या हिश्श्याची रक्कम त्याने नंतरच्या नफ्यातून, बिनव्याजी हप्त्यांनी घ्यायची ठरवली. नोकरांना भागीदार म्हटलं जायचं. शेअर मात्र कुणाच्या हातात दिले नाहीत, ते ट्रस्टकडेच राहिले. नोकरी सोडताना कुणी आपला वाटा विकला तर दहा-वीस वर्षांत कंपनी पुन्हा बाहेरच्या मालकाची झाली असती. १९५० साली उरलेला ताबाही त्याने कायमचा सोडला.

तसा स्पीडन मवाळ माणूस नव्हता. हट्टी होता आणि सूत्रं हातात असताना बरेचसे निर्णय स्वतःच घ्यायचा. सत्तरीला, म्हणजे १९५५ मध्ये, त्याने अध्यक्षपद सोडलं, पण नवीन अध्यक्षांचा कारभार त्याला पटेना. मग त्याने काय केलं? इतर भागीदारांसारखीच गॅझेटला टीकेची पत्रं लिहिली. हुकूम सोडायचा अधिकार आता त्याच्याकडे उरलाच नव्हता.

१९६३ साली तो गेला. जॉन लुईस पार्टनरशिप आजही चालू आहे. भागीदारांनी निवडलेलं कौन्सिल अध्यक्षांना जाब विचारतं आणि वेळ आली तर हटवूही शकतं. बोनस जाहीर झाला की तो सगळ्यांना पगाराच्या सारख्याच टक्क्यांनी मिळतो. कोरोनाच्या फटक्यानंतर २०२१ मध्ये १९५३ नंतर पहिल्यांदाच बोनस मिळाला नाही. दुकानात माल लावणाऱ्यालाही नाही आणि अध्यक्षांनाही नाही.