ईस्टरचे गायनगुरू : योहान सेबास्तियान बाख

ईस्टरचा सण समीप आला, की आमच्या गायकवर्गाची तयारी सुरू होते. आणि एका सकाळच्या उपासनेसाठी इतके परिश्रम कशास, असा प्रश्न कोणा तरी विद्यार्थ्याच्या मनात उद्भवतोच. त्याचे उत्तर आम्ही उपदेशाने न देता एका शिक्षकाच्या चरित्राने देऊ इच्छितो. पाश्चात्य संगीताच्या इतिहासात बाख हे नाव अग्रभागी आहे. परंतु ह्या थोर पुरुषाची अखेरची सत्तावीस वर्षे शाळेतील मुलांकडून गायन बसवून घेण्यात गेली, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आमचे चरित्रनायक १६८५ च्या मार्च महिन्यात जर्मनीतील आयझनाख गावी जन्मास आले. ह्याच गावच्या शाळेत पूर्वी मार्टिन ल्यूथर शिकले होते, आणि गावावरील वार्टबुर्ग किल्ल्यात राहून त्यांनी नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले होते. बाख ह्यांचे घराणे पिढीजात गवयांचे. परंतु वयाची दहा वर्षे पुरी होण्याच्या आतच त्यांची माता व पिता, दोघेही निवर्तले. पोरका बालक ओरड्रुफ येथे थोरल्या बंधूंच्या आश्रयास गेला. मृत्यूशी त्यांची ओळख अशी लहानपणीच झाली.

ल्यूथर ह्यांचे १५२४ साली प्रसिद्ध झालेले एक ईस्टरगीत आहे. ख्रिस्त मृत्यूच्या बंधनात पडला, जीवन व मरण ह्यांचे विलक्षण युद्ध जुंपले आणि जीवनाचा जय झाला, असा त्याचा आशय. बाख ह्यांनी १७०७ च्या सुमारास, अवघ्या बाविशीत, ह्या गीताच्या सातही कडव्यांस संगीत दिले. मूळची चाल प्रत्येक कडव्यात कायम ठेवली, आणि स्वरही आरंभापासून शेवटपर्यंत गंभीरच राखले. विजयाचे गीत गाताना युद्धाचा विसर पडू नये, हे त्या तरुणास कळले होते.

ते त्यांस पुढे अधिकच कळावयाचे होते. १७२० साली ते आपल्या राजाबरोबर परगावी गेले असता मागे पत्नी वारली. परतले तेव्हा तिचे दफनही होऊन गेले होते. पुढील वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला. दोन्ही विवाहांची मिळून वीस अपत्ये झाली, त्यांपैकी दहाच प्रौढ वयास पोहोचली.

१७२३ साली ते लाइपझिग येथील संत थोमाच्या शाळेत गायनाचे शिक्षक झाले. नगरपालिकेस प्रथम टेलेमान व नंतर ग्राउप्नर हवे होते. ते न लाभल्यामुळे ही जागा बाख ह्यांस मिळाली. शहरातील देवालयांत ह्याच शाळेची मुले गात असत, आणि उंच स्वर बायका नव्हे, तर मुलेच गात. १७३० साली त्यांनी पालिकेस एक निवेदन दिले. त्यात मुलांची गणती अशी होती : सतरा उपयोगी, वीस अद्याप तयार व्हावयाची आणि सतरा निरुपयोगी. ही गणती वाचून कोणत्या शिक्षकास आपला वर्ग आठवणार नाही?

अशा मुलांना घेऊन त्यांनी काय केले ते पाहा. उपवासकाळातील रविवारी लाइपझिगच्या देवालयांत वाद्यांसह मोठे गायन बंद असे. ही शांतता उत्तम शुक्रवारी दुपारच्या उपासनेत मोडे, आणि प्रभूच्या दुःखसहनाची कथा गायनाने सांगितली जाई. १७२४ साली बाख ह्यांनी योहानकृत शुभवर्तमानावरील आपली रचना सादर केली, व १७२७ साली मत्तयकृत शुभवर्तमानावरील. ही दुसरी रचना सुमारे तीन तासांची आहे. तिचा शेवट कबरेपाशी होतो. पुनरुत्थानाची कथा तीत येत नाही. मंडळीने तेवढ्यावर घरी जावे आणि वाट पाहावी. मग रविवारी कर्णे व नगारे वाजत, आणि ईस्टरचा उत्सव तीन दिवस चाले.

ह्या सेवेचा गौरव झाला म्हणावे, तर तसेही नाही. १७३९ साली अधिकाऱ्यांनी कळविले, की परवानगी मिळेपर्यंत दुःखसहनाचे गायन करू नये. ते करण्यात मला कसला लाभ आहे, ते तर ओझेच आहे, अशा आशयाचे उत्तर बाख ह्यांनी दिले. ते थकले होते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. आयुष्याच्या अखेरीस, दृष्टी अधू होत असताना, त्यांनी आपली थोर लॅटिन उपासनारचना पुरी केली. तीत वधस्तंभाचा भाग हळूहळू खाली उतरत जवळजवळ निःशब्द होतो, आणि लगेच सर्व कंठ व कर्णे एकदम प्रभू उठल्याची घोषणा करतात. ती संपूर्ण रचना त्यांच्या हयातीत गाइली गेल्याची नोंद नाही.

२८ जुलै १७५० रोजी ते मरण पावले. कबरेवर नावाचा दगडही नव्हता. पुढे १८२९ च्या मार्चमध्ये वीस वर्षांच्या मेंडेल्सझोन ह्यांनी बर्लिन येथे मत्तयावरील रचना पुन्हा गाववून घेतली, आणि विस्मृतीत गेलेली ती कृती जगासमोर आली. आज बाख ह्यांची समाधी संत थोमाच्या देवालयातच आहे. जेथे त्यांची मुले गात, तेथे.

विद्यार्थिमित्रहो, त्या सतरा निरुपयोगी मुलांपैकी काही जण आम्हांमध्येही असतील. क्वचित शिक्षकांतही असतील. तथापि गीत थोर असले, म्हणजे गाणाराने आपल्या कंठाकडे पाहत बसू नये. शुक्रवारची शांतता मनापासून पाळावी, आणि रविवारी पहाटे आपल्या वाट्याचा स्वर चुकू देऊ नये. एका सकाळसाठी इतके परिश्रम कशास, ह्याचे उत्तर आम्हांस तरी ह्याच चरित्रात सापडले आहे.