उद्धवाचा उपदेश आपल्या मराठीत

आजचं वाचन भागवताच्या अकराव्या स्कंधाचं. निजधामाला जाण्याआधी श्रीकृष्ण उद्धवाला जो उपदेश करतात, तो यातच आहे. तो मराठीत आणला पैठणच्या संत एकनाथांनी.

नाथ सोळाव्या शतकातले. आईवडील लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिकले, पुढे पैठणला संसार केला. भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणला झाले, बाकीचे काशीत. १५७३ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला: ३१ अध्याय, १८ हजारांहून जास्त ओव्या! परंपरा सांगते की, हे शास्त्र प्राकृतात कशाला, म्हणून काशीच्या पंडितांनी नाथांना जाब विचारला. नाथ डगमगले नाहीत. शेवटी त्याच पंडितांनी ग्रंथाची मिरवणूक काढली.

मी इंजिनिअर, बदलापूरला राहतो. दिवसभर काम इंग्रजीत, आणि संस्कृत श्लोक वाचला तरी अर्थ लागत नाही. पण सकाळच्या लोकलमध्ये अंबरनाथ, उल्हासनगर जाईपर्यंत नाथांच्या चार ओव्या कळतात. नाथ त्या दिवशी गप्प बसले असते, तर उद्धवाला मिळालेलं माझ्यापर्यंत पोचलंच नसतं.

आज चारच ओव्या वाचा, पण घरच्यांना ऐकू येतील अशा. जय हरी!