सर जॉर्ज एव्हरेस्ट : नाव, माणूस आणि शिखर

गावावरून आडनाव पडते, हे आपल्याकडे कोणी मुद्दाम सांगावे लागत नाही. पुणेकर, नांदेडकर, बिदरकर अशी नावे घेऊन घराणी दूरदेशी पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. ज्या गावाचे नाव लावायचे ते गाव कित्येकांनी पाहिलेलेही नसते. युरोपातही ही रीत जुनी आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्याच्यामागून समुद्र ओलांडून आलेल्या मंडळींनी आपल्या गावांची नावे बरोबर नेली आणि पुढील काही शतकांत ती वंशपरंपरेने चालणारी आडनावे झाली. नॉर्मंडीतील एव्ह्रो या नगरावरून इंग्लंडात दोन आडनावे रूढ झाली. एक डेव्हरो आणि दुसरे एव्हरेस्ट. आपल्या भाषेत बोलायचे तर एव्हरेस्ट म्हणजे 'एव्ह्रोकर'.

एव्ह्रो हे नावही मुळात नगराचे नव्हते. रोमनांच्या काळी त्या भागात एबुरोविकेस नावाची गॉल लोकांची एक जमात राहत असे. तिच्या नावात यू या सूचिपर्णी वृक्षाचे नाव दडले आहे, असे भाषाभ्यासक मानतात. जगातील सर्वोच्च शिखराच्या नावाचे मूळ असे फ्रान्समधील एका झाडापाशी जाऊन पोचते. हे नाव हिमालयाला लागले ते एका माणसामुळे, आणि तेही त्या माणसाच्या मनाविरुद्ध. त्याच्या उमेदीची काही वर्षे आपल्या हैदराबादेत, निजामाच्या मुलखातील जंगलांत आणि वऱ्हाडच्या वाटांवर गेली, याची जाण आपणांपैकी थोड्यांनाच असेल. म्हणून या चरित्राची येथे ओळख करून देत आहे.

जॉर्ज एव्हरेस्ट यांचा जन्म ४ जुलै १७९० रोजी झाला. वडील वकिली करीत. जॉर्ज हे नाव ग्रीक भाषेतून आलेले. 'गे' म्हणजे भूमी आणि 'एर्गोन' म्हणजे काम, यांवरून जॉर्ज म्हणजे भूमीवर कष्ट करणारा, शेतकरी. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हा अर्थ असण्याचे कारण नव्हते. परंतु पुढे या मुलाने जन्मभर भूमीवरच कष्ट केले, नांगराने नव्हे तर साखळीने आणि दुर्बिणीने. लष्करी विद्यालयात गणिताचे शिक्षण घेऊन १८०६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल तोफखान्यात दाखल झाले. १८१४ ते १८१६ या काळात त्यांनी जावा बेटाची पाहणी केली. त्यांचे गणित आणि चिकाटी वरिष्ठांच्या नजरेत भरली व १८१८ साली कर्नल विल्यम लॅम्ब्टन यांचे प्रमुख साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ एक अवाढव्य काम आरंभिले होते. एक आधाररेषा काटेकोरपणे मोजायची, तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे, त्रिकोण गणिताने सोडवायचा आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारायचा. अशा त्रिकोणांची माळ कन्याकुमारीपासून उत्तरेकडे नेत जायची. यातून नकाशे तर अचूक होणार होतेच, पण पृथ्वी नेमकी किती गोल आणि किती चपटी आहे हेही कळणार होते. हाच तो 'ग्रेट आर्क', म्हणजे रेखावृत्ताचा महाकंस. थिओडोलाइट नावाचे कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र अर्ध्या टनाचे होते आणि ते टेकडीमाथ्यावर माणसांनी वाहून न्यावे लागे.

१८१८ अखेर एव्हरेस्ट हैदराबादेस आले. दुसऱ्याच वर्षी कृष्णा आणि गोदावरी यांच्या मधल्या जंगलात त्यांची पाठवणी झाली. ऐन पावसाळ्यात, हवा धुऊन निघाल्यावर दूरचे स्पष्ट दिसते म्हणून, काम चालू ठेवले गेले आणि तापाने सारा तळ झोपवला. सुमारे दीडशे माणसे आजारी पडली. त्यांना परत आणण्यासाठी हैदराबादेतून हत्ती आणि पालख्या धाडाव्या लागल्या. काही जण परतलेच नाहीत. एव्हरेस्ट वाचले, पण तो ताप त्यांच्या अंगात कायमचा मुरला.

प्रकृती सुधारावी म्हणून १८२० साली त्यांना केप ऑफ गुड होप येथे पाठविण्यात आले. तेथे विश्रांती घेण्याऐवजी त्यांनी एक जुने कोडे हाती घेतले. लाकाय या फ्रेंच ज्योतिर्विदाने १७५२ साली तेथे पृथ्वीचे मापन केले होते. त्याच्या आकड्यांवरून पृथ्वीचा दक्षिणेकडचा आकार उत्तरेकडच्या आकाराशी जुळत नव्हता. एव्हरेस्ट यांनी ती ठिकाणे हिंडून पाहिली आणि निष्कर्ष काढला, की दोष पृथ्वीचा नाही, ओळंब्याचा आहे. जवळच्या डोंगरांचे वस्तुमान ओळंब्याला किंचित आपल्याकडे ओढते, त्यामुळे सरळ वाटणारी दोरी सरळ नसते. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी काम करताना हाच धडा मोलाचा ठरला. ज्या माणसाचे नाव पुढे सर्वांत उंच पर्वताला मिळाले, त्याने पर्वतांकडे प्रथम पाहिले ते असे, मापनात बिघाड करणारी वस्तू म्हणून.

२० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे, मुक्कामावर असतानाच लॅम्ब्टन यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर आजही तेथे आहे. त्यांचे काम एव्हरेस्ट यांच्याकडे आले. त्यांनी वऱ्हाडातून सातपुडा आणि नर्मदा ओलांडून त्रिकोणांची माळ माळव्यातील सिरोंजपर्यंत नेली. या काळात दुखण्याने त्यांचे हातपाय अर्धे लुळे झाले होते. ताऱ्यांचे वेध घेताना दोन माणसे त्यांना उचलून यंत्रासमोर बसवीत आणि उचलून बाहेर काढीत. १८२५ साली ते इंग्लंडला परतले ते जवळजवळ अपंग होऊनच.

दुसरा कोणी असता तर तेथेच थांबता. इंग्लंडमधील पाच वर्षे त्यांनी नवी उपकरणे समजून घेण्यात घालविली. उष्णतेने धातू प्रसरण पावतो आणि मोजपट्टी खोटी ठरते. त्यावर उपाय म्हणून पितळ आणि लोखंड यांची जोडी करून बनविलेल्या पट्ट्या त्यांनी बरोबर आणल्या. १८३० साली ते भारताचे सर्व्हेयर जनरल होऊन परतले. गंगा-यमुनेच्या सपाट दुआबात टेकड्या नाहीत, म्हणून विटांचे उंच मनोरे बांधले. धूळ आणि उकाडा टाळण्यासाठी रात्री दिवे लावून वेध घेतले. देहराडूनजवळ सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजून झाली. सिरोंजपासून चारशेहून अधिक मैल त्रिकोणांमागून त्रिकोण सोडवीत आल्यावर गणिताने निघालेली तिची लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत अवघ्या सात इंचांच्या आसपास फरक पडला. १८४१ पर्यंत हे काम पुरे झाले आणि १८४३ साली एव्हरेस्ट निवृत्त झाले. त्यांनी ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारावर भारताचे नकाशे दीडशे वर्षांहून अधिक काळ आधारलेले होते.

माणूस मात्र सोपा नव्हता. संतापी, हेकट आणि मानापमानाविषयी फार हळवा. १८३० नंतरच्या दशकात त्यांच्या आजारपणाच्या काळात कोकणची पाहणी केलेले मेजर जर्व्हिस यांना त्यांचे संभाव्य उत्तराधिकारी ठरविण्यात आले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीतील काही विद्वानांनी जर्व्हिस यांची बाजू उचलून धरली. एव्हरेस्ट यांनी सोसायटीच्या अध्यक्षांना उद्देशून जळजळीत पत्रांची मालिका लिहिली व १८३९ साली ती छापून प्रसिद्धही केली. दृष्टिरेषेत येणारी झाडे आणि घरे हटविताना त्यांना फारसा संकोच वाटत नसे. गुणांची पारख मात्र त्यांना होती. १८३१ साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील राधानाथ सिकदार या तरुणाला त्यांनी गणनेच्या कामावर घेतले आणि त्याच्या गणिताचे मोल ओळखले. अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्या हातची कारागिरीही त्यांनी ओळखली व यंत्रांच्या दुरुस्तीचे काम त्यांच्याकडे सोपविले.

आता शिखराकडे येऊ. एव्हरेस्ट मायदेशी गेल्यानंतर त्यांचे उत्तराधिकारी अँड्र्यू वॉ यांच्या कारकिर्दीत हिमालयाच्या शिखरांचे वेध घेतले गेले. नेपाळात प्रवेश नव्हता, म्हणून शंभराहून अधिक मैलांवरच्या मैदानातून दुर्बिणी रोखल्या गेल्या. अनेक वर्षांचे वेध आणि कलकत्त्याच्या गणना विभागाची आकडेमोड यांतून, १८५२ च्या सुमारास, पंधरावे म्हणून नोंदविलेले शिखर सर्वांत उंच असल्याचे दिसून आले. त्या विभागाचे प्रमुख राधानाथ सिकदार होते. १८५६ साली वॉ यांनी २९,००२ फूट ही उंची जाहीर केली आणि शिखराला आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे नाव सुचविले. स्थानिक नाव सापडत नाही, असे कारण दिले.

याला पहिला आक्षेप खुद्द एव्हरेस्ट यांचाच होता. स्थळांची स्थानिक नावे शोधून तीच नकाशावर लिहावीत, असा त्यांचा दंडक होता. १८५७ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे त्यांनी सांगितले, की आपले नाव या देशातील लोकांना उच्चारता येणार नाही आणि हिंदी वा फारसी लिपीत लिहिताही येणार नाही. स्थानिक नाव नव्हते असेही नाही. तिबेटी लोक त्या पर्वताला चोमोलुंग्मा म्हणत आणि ते नाव १७३३ सालच्या फ्रेंच नकाशात आलेले होते. तरीही १८६५ साली सोसायटीने एव्हरेस्ट हे नाव पक्के केले. नेपाळी इतिहासकार बाबुराम आचार्य यांनी सुचविलेले सगरमाथा हे नाव विसाव्या शतकातले.

एव्हरेस्ट यांनी १८४६ साली विवाह केला. सहा मुले झाली. १८६१ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली आणि १ डिसेंबर १८६६ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. शिखर त्यांनी पाहिल्याची नोंद नाही. त्यांच्या घराण्यात नावाचा उच्चार 'ईव्हरिस्ट' असा होत असे; जगाने तो आपल्या सोयीने बदलला. सात इंचांची चूक ज्याला सलत असे, त्याच्याच नावाचा उच्चार जगाने चुकवला.

राधानाथ यांच्या वाट्याला याउलट घडले. सर्वेक्षणाची १८५१ साली निघालेली पुस्तिका लिहिण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८७० साली त्यांचे निधन झाले आणि १८७५ च्या आवृत्तीतून त्यांचे नाव गाळले गेले. कलकत्त्याच्या एका इंग्रजी वृत्तपत्राने त्यावर कडक टीका केली, म्हणून ही गोष्ट आपल्याला कळते. यंत्र वाहणारे, निशाण धरून टेकडीवर उभे राहणारे, निजामाच्या मुलखातील जंगलात तापाने गेलेले खलाशी यांची तर नावेही उरली नाहीत.

नाव राहते ते नेहमी कामाच्या मापाने राहत नाही. एव्हरेस्ट यांचे खरे स्मारक उत्तरेच्या हिमशिखरावर नसून आपल्या पायांखालच्या भूमीवर, कन्याकुमारीपासून मसुरीपर्यंत आहे, आणि त्यात लॅम्ब्टन, राधानाथ व ते अनाम खलाशी यांचाही भाग आहे. शंभर वर्षे चाललेल्या कोणत्याही कार्याची हीच कथा असते. या स्मरणग्रंथात काही नावे मोठ्या अक्षरांत येतील. पुस्तके पुसून फडताळात लावणारे हात मात्र कोणत्याही यादीत सापडणार नाहीत. त्यांचे स्मरण ठेवणे, आणि जमेल तेथे त्यांची नावे शोधून लिहून ठेवणे, हे आपल्यासारख्या ग्रंथप्रेमींचे कर्तव्य आहे.