धंदा विचारणारा डॉक्टर

इटलीतल्या मोदेना शहरात सव्वातीनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरांच्या घरी संडासाचा खड्डा उपसायला एक कामगार आला. तो इतक्या घाईने काम करत होता, की डॉक्टरांनी त्याला थांबवून कारण विचारलं. चार तासांपेक्षा जास्त वेळ खाली राहिलं तर डोळे जातात, असं त्याने सांगितलं. डॉक्टरांनी त्याचे डोळे पाहिले, ते लालबुंद होते. पुढे शहरात चौकशी केली, तेव्हा हेच काम करून अंधत्व आलेले आणि भीक मागून जगणारे कितीतरी लोक त्यांना भेटले. अशा खड्ड्यांत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो आणि तो बुबुळाला इजा करतो, हे आज आपल्याला माहीत आहे. त्या काळी वायूचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, पण कामाचा आणि दुखण्याचा संबंध या डॉक्टरांनी पकडला.

त्यांचं नाव बर्नार्दिनो रामाझिनी. जन्म 1633 चा, मोदेनाजवळच्या कार्पी गावचा. पार्मा इथे शिकून 1659 मध्ये ते डॉक्टर झाले. काही काळ रोमच्या बाजूच्या खेड्यांत त्यांनी दवाखाना चालवला, पण तिथे हिवतापाने इतके हैराण झाले की गावी परतावं लागलं. ग्रामीण भागातली नोकरी आणि डास हे समीकरण तेव्हाही होतंच म्हणायचं. पुढे ते मोदेनात आले आणि 1682 मध्ये तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

प्राध्यापक झाल्यावरही ते वर्गात अडकून राहिले नाहीत. कुंभार, विणकर, आरशांना पारा लावणारे, छापखान्यातले खिळे जुळवणारे, सुईणी, हमाल अशांच्या कामाच्या जागी ते स्वतः जाऊन उभे राहत. तेव्हाच्या प्रतिष्ठित वैद्यांना हे कमीपणाचं वाटे. 1700 साली त्यांचं कारागिरांच्या रोगांवरचं लॅटिन पुस्तक प्रसिद्ध झालं. तेव्हा ते 67 वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांना पादुआच्या नामांकित विद्यापीठात बोलावलं गेलं. हिप्पोक्रेटिसने रोग्याला विचारायच्या प्रश्नांची यादी दिली होती, तिच्यात रामाझिनींनी एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? गरिबाच्या घरी गेल्यावर डॉक्टरने मिळेल त्या तिपाईवर बसावं आणि हा प्रश्न सवडीने विचारावा, असा त्यांचा आग्रह होता.

पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती 1713 मध्ये आली, आणि तिच्यात त्यांनी लेखनिक व कारकुनांवर एक प्रकरण घातलं. आज संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं ते आहे. कारकुनांच्या दुखण्याची तीन कारणं त्यांनी सांगितली: सतत बसून राहणं, हात सतत एकाच पद्धतीने हलवणं आणि हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. आपल्याकडे मोडी लिपी हात न उचलता झरझर लिहिता यायची, तरी दिवसभर बोरू चालवणाऱ्याचं मनगट ते मनगटच.

याच प्रकरणात त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाची हकिकत आहे. लिहून लिहून त्याने चांगला पैसा मिळवला, पण उजवा हात हळूहळू दुबळा पडला आणि शेवटी निकामी झाला. कोणताच इलाज चालला नाही. जिद्दीचा माणूस, त्याने डाव्या हाताने लिहायची सवय केली. काही काळाने डाव्या हातालाही तेच झालं.

ही हकिकत मला गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आठवली. मानोरा तालुक्यातली एक तरुण मुलगी ओपीडीत तिसऱ्यांदा आली होती. उजव्या हाताच्या अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येत, रात्री हात झटकून उठावं लागे. आधीच्या दोन खेपांना मी गर्दीत वेदनाशामक आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. काय काम करतेस, हे मी विचारलंच नव्हतं. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कळलं की ती ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात बसते. पीकविम्याची शेवटची तारीख आणि कॉलेजचे दाखले एकाच सुमारास येतात. वीज असेल तितका वेळ हात माउसवरच. टेबलावर कीबोर्डशेजारी प्रिंटर, आणि प्रिंटरच्या पलीकडे माउस. म्हणजे खांदा ताणून हात लांब ठेवायचा. माउसही लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा इवलासा, बोटं आखडून चिमटीत धरावा लागणारा. आता डाव्या हाताने चालवू का, असं ती विचारत होती.

मनगटात हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामधल्या बोगद्यातून हाताची मुख्य नस जाते. मनगट वर किंवा खाली वाकलं की तिथला दाब वाढतो. थायरॉइड, मधुमेह, गरोदरपण यांतही ही नस दबते, म्हणून आधी तिच्या तपासण्या केल्या. त्या ठीक निघाल्या.

माउस घेताना रंग आणि किंमत पाहून घेऊ नये, दुकानात हातात धरून पाहावा. तळवा त्यावर सैल ठेवला की बोटं न आखडता बटणांवर पडली पाहिजेत आणि मनगट कोपरापासून सरळ रेषेत राहिलं पाहिजे. मोठ्या हाताला छोटा माउस जसा वाईट, तसाच छोट्या हाताला मोठाही. सपाट माउसवर तळवा पूर्ण पालथा राहतो. हस्तांदोलनासारखा हात उभा ठेवणारे माउस मिळतात, त्यांत हाताची ठेवण नक्कीच बरी होते. मात्र नस दबलेली असेल तर नुसता माउस बदलून ती मोकळी होईल, असं मी कोणाला सांगत नाही. मनगटाखाली मऊ गादी ठेवून त्यावर सगळा भार टाकणंही चुकीचंच, कारण दाब नेमका बोगद्यावर येतो. सेटिंगमध्ये बाणाचा वेग थोडा वाढवला की हात कमी फिरवावा लागतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

तिचा प्रिंटर दुसऱ्या टेबलावर गेला, माउस कीबोर्डला चिकटून आला. हातात बसेल असा नवा माउस मालकाने कुरकुरत का होईना घेऊन दिला. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मी दिला आणि अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात खाली सोडायला सांगितलं. डावा हात वापरायला हरकत नव्हती, पण आलटून पालटून आणि विश्रांतीसह. सगळं ओझं त्याच्यावर टाकायचं नाही. त्या लेखनिकाची गोष्ट मी तिला सांगितली. दीड महिन्यात रात्रीचं उठणं थांबलं. दिवसाच्या मुंग्या अजून थोड्या आहेत. त्या वाढल्या, किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग बारीक होऊ लागला, तर नसेची तपासणी करून शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, हेही तिला माहीत आहे.

रामाझिनींची स्वतःची नजर म्हातारपणी गेली. वाचायला, लिहायला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागे, तरी शिकवणं त्यांनी सोडलं नाही. वाढवलेली आवृत्ती निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर 1714 मध्ये, पादुआत पक्षाघाताच्या झटक्याने ते गेले. तेव्हा ते 81 वर्षांचे होते आणि अजूनही प्राध्यापक होते.