न्यायाधीश रामशास्त्री

नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो गणेशोत्सवाच्याच दिवसांत. ३० ऑगस्ट १७७३, दुपारची वेळ. थकलेल्या पगाराचं निमित्त करून गारदी शनिवारवाड्यात घुसले, आणि अठरा वर्षांचा पेशवा जीव वाचवायला काकांच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या महालाकडे धावला. पुढचं आपल्या सगळ्यांना पाठ आहे, ‘ध’चा ‘मा’ कोणी केला इथपर्यंत. लहानपणी आजी सांगायची तेव्हा गोष्ट तिथेच संपायची. पण त्यानंतरची गोष्ट मला जास्त मोठी वाटते. ती एका पगारी सरकारी नोकराची आहे.

रामशास्त्री प्रभुणे साताऱ्याजवळच्या माहुलीचे, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरच्या गावातले. लहानपणी शिक्षण झालं नाही. साताऱ्याला एका सावकाराकडे पडेल ते काम करत होते. मालकाच्या हातावर पाणी घालताना नजर त्यांच्या कानातल्या भिकबाळीवर खिळली, त्यावरून बोलणी खावी लागली आणि मुलगा काशीला निघून गेला, असं सांगतात. काशीला गेले हे खरंच. शिकायला सुरुवात उशिरा झाली, तरी परत आले ते धर्मशास्त्राचे पंडित होऊन. १७५१ च्या सुमारास पेशव्यांच्या दरबारात नोकरी लागली आणि १७५९ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले.

थोरल्या माधवरावांचा त्यांच्यावर फार विश्वास. पण त्यांनाही शास्त्रीबुवांनी सोडलं नाही. तरुण पेशवा जपजाप्यात गुंतून कारभार खोळंबवू लागला, तेव्हा हेच करायचं असेल तर गादी सोडून दोघेही गंगेकाठी जाऊ, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. माधवरावांनी ऐकलं. ऐकणारा धनी मिळणं हीही नशिबाची गोष्ट, आणि ते नशीब १७७२ च्या नोव्हेंबरात माधवरावांबरोबर संपलं.

आता खुनानंतरचं पुणं डोळ्यांपुढे आणा. ज्याच्यावर संशय, तोच पेशवा. गारदी त्याचे, खजिना त्याचा, आणि न्यायाधीशाचा पगार देणाराही तोच. अशा वेळी रामशास्त्र्यांनी चौकशी चालवली. आरडाओरडा नाही, सभा नाही. कोण कुठे होतं, कोणी कोणाला काय सांगितलं, पैसा कुठून आला, हे सुमारे सहा आठवडे ते गोळा करत होते. सुमेरसिंग, महंमद इसफ, तुळाजी पवार यांची नावं आली तोवर कोणाला अडचण नव्हती. पण कागद तिथे थांबला नाही, रघुनाथरावांपर्यंत गेला.

मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे. वरच्या माणसाचं नाव येणार असं दिसलं की फाईल कशी जड होते, ते मला ठाऊक आहे. मी स्वतः एकदा अशी फाईल ‘अभिप्रायार्थ’ लिहून पुढे ढकलली होती. त्या रात्री नीट जेवण गेलं नाही. म्हणून रामशास्त्र्यांच्या त्या सहा आठवड्यांचा विचार मी फार करतो. दरबारात सत्य बोलायला एक क्षण पुरतो. सहा आठवड्यांत मात्र रोज सकाळी मागे फिरायची संधी असते.

ते फिरले नाहीत. रघुनाथरावांना प्रायश्चित्त हवं होतं. काही दानधर्म करून हात धुता येतील अशी आशा असावी. रामशास्त्र्यांनी सांगितलं की या पापाला देहान्त हेच प्रायश्चित्त. तो निकाल अमलात आणणारा पुण्यात कोणी नव्हता, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. या राज्यात आपण पाऊल ठेवणार नाही असं सांगून त्यांनी पुणं सोडलं आणि वाईजवळ पांडववाडीला जाऊन राहिले.

पुढे बारभाईंचं कारस्थान झालं, एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि रघुनाथराव परागंदा होऊन आपल्या गुजरातेत आले. तेव्हा गोविंदराव गायकवाड फत्तेसिंगांविरुद्ध वडोदऱ्याला वेढा घालून बसले होते. रघुनाथराव त्यांना येऊन मिळाले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून त्यांनी साष्टी-वसई देऊ केली. १८ मे रोजी अडासला लढाई झाली. आणंदला जाताना आपली गाडी त्याच मुलखातून जाते.

रामशास्त्री पुण्याला परत आले आणि पुन्हा त्याच कामाला बसले. वाटणीचे तंटे, दत्तक, कर्ज, हद्दी, सगळं पूर्वीसारखं. श्रावणातल्या दक्षिणेची व्यवस्थाही त्यांच्याकडे असे. एकदा त्यांचा भाऊ दक्षिणेला आला, तेव्हा नाना फडणिसांनी वीस रुपये सुचवले. शास्त्रीबुवांनी त्याची विद्या पाहून इतरांसारखे दोनच दिले, आणि भाऊ म्हणून द्यायचं ते घरून देऊ म्हणाले, अशी गोष्ट आहे. घरात एका दिवसापुरतंच धान्य ठेवायचे हेही सांगतात. प्रभातचा १९४४ चा ‘रामशास्त्री’ आमच्या वडिलांना फार आवडायचा. त्यातले गजानन जागीरदारच त्यांच्या डोळ्यांपुढे कायम रामशास्त्री म्हणून राहिले.

रघुनाथरावांना ती शिक्षा कधीच झाली नाही. सालबाईच्या तहानंतर ते नेमणूक घेऊन कोपरगावला राहिले आणि १७८३ मध्ये वारले. रामशास्त्री त्यानंतर सहा वर्षं, १७८९ मध्ये देह ठेवीपर्यंत, न्यायाधीशाच्या जागेवर काम करत होते.