ठिणगी आणि शिसे : चार्ल्स केटरिंग यांचे जीवन

जुनी फियाट किंवा अ‍ॅम्बॅसडर चढावर आचके देऊ लागली, की गॅरेजमधला मेकॅनिक सांगतो, गाडी मिसिंग मारते आहे. मग तो इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहतो. ज्या प्लगची वायर काढूनही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, त्या सिलिंडरमध्ये काम होत नाही हे उघड होते. प्लगवर काजळी आहे का, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जळाले आहेत का, कंडेन्सर निकामी झाला आहे का, असा त्याचा शोध पुढे चालतो. बॅटरी, कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर यांची ही रचना जगभर केटरिंग यांच्या नावाने ओळखली जाते. ते नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

चार्ल्स केटरिंग यांचा जन्म 29 ऑगस्ट 1876 रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. बुद्धी तल्लख, परंतु दृष्टी अधू. थोडे वाचले की डोके दुखू लागे. शालेय शिक्षणानंतर त्यांनी खेड्यातील शाळेत शिक्षकाची नोकरी केली व पुढे विद्यापीठात प्रवेश घेतला. डोळ्यांनी दगा दिल्यामुळे शिक्षण अर्धवट सोडावे लागले. त्या काळात टेलिफोनचे खांब रोवण्याचे आणि तारा ओढण्याचे काम त्यांनी पत्करले. या उघड्यावरच्या कामाने प्रकृती सुधारली आणि विजेचे प्रत्यक्ष ज्ञानही मिळाले. ते पुन्हा विद्यापीठात गेले. सोबती पुस्तके मोठ्याने वाचत आणि केटरिंग ऐकत. अशा रीतीने 1904 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते विद्युत अभियंता झाले.

डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली. गल्ला क्षणभरच उघडायचा असतो. तेव्हा मोटर लहान असली आणि तिच्यावर क्षणभर जादा भार टाकला तरी चालते, हे त्यांनी ओळखले. साधीच दिसणारी ही गोष्ट पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात संध्याकाळी व सुटीच्या दिवशी ही मंडळी मोटारीवर प्रयोग करीत. त्या काळच्या अनेक मोटारींत थरथरणाऱ्या कॉइलमधून ठिणग्यांचा वर्षाव होई. त्यात बॅटरी लवकर संपे आणि ठिणगीची वेळही नेमकी साधत नसे. केटरिंग यांनी प्रत्येक वेळी एकच, परंतु जोरदार ठिणगी देणारी रचना केली. 1909 साली कॅडिलॅक कंपनीने तिच्या 8000 संचांची मागणी नोंदवली आणि त्यातूनच डेल्को कंपनी उभी राहिली. कालांतराने या रचनेला स्थिर रूप आले. पॉइंट जुळलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो. ते उघडताच प्रवाह तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी पडते. पॉइंट जळू नयेत म्हणून कंडेन्सर.

त्यानंतर सेल्फ-स्टार्टर आला. हँडल मारून इंजिन सुरू करताना ते उलटे फिरे आणि माणसांची हाडे मोडत. मोटारीत मावेल एवढी लहान मोटर इंजिन फिरवू शकणार नाही, असे जाणकारांचे मत होते. केटरिंग यांनी गल्ल्याचाच धडा येथे गिरवला. 1912 च्या कॅडिलॅक मोटारी बटणाने सुरू होऊ लागल्या. अंगात फारशी ताकद नसलेल्यांनाही आता मोटार एकट्याने सुरू करता येऊ लागली.

पण यशाबरोबर एक आरोपही वाट्याला आला. इंजिनावर भार आला की ठकठक आवाज येई आणि लोक डेल्कोच्या ठिणगीला दोष देत. केटरिंग यांनी आरोप नुसता झटकून टाकला नाही. त्यांनी थॉमस मिजली या तरुण सहकाऱ्याला कारण शोधण्यास सांगितले. सिलिंडरमधील दाब मोजल्यावर दिसले, की ठिणगी वेळेवरच पडते. न जळलेले उरलेले इंधन नंतर एकदम भडकते. दोष ठिणगीचा नव्हता, पेट्रोलचा होता. निदानाचा हा उत्तम नमुना होय.

मग औषधाचा शोध सुरू झाला. केटरिंग 1920 पासून जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. अनेक द्रव्ये तपासल्यावर 9 डिसेंबर 1921 रोजी शिशाचे एक संयुग, टेट्राएथिल लेड, सापडले. त्याचे थोडेसे प्रमाणही आवाज बंद करी. अल्कोहोल मिसळूनही हे साधते, हे त्यांना माहीत होते. परंतु शिसे स्वस्त होते आणि त्याचे पेटंट मिळत होते. शिसे विषारी असल्याचे जुन्या काळापासून ज्ञात होते. मिजली स्वतः त्याने आजारी पडले. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या तज्ज्ञांनी धोक्याची सूचना दिली. तरीही केटरिंग यांनी या इंधनाची बाजू घेतली आणि 1926 पासून विक्री पुन्हा सुरू झाली. या शिशाची पुटे प्लगवर बसून ठिणगी मंदावे आणि गाडी मिसिंग मारी, हा दैवदुर्विलासच म्हणायचा. प्लग साफ करता येत होता. मुलांच्या रक्तात उतरणारे शिसे तसे पुसता येत नव्हते. भारतात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथे ते 2021 साली थांबले.

रेल्वेच्या डिझेल इंजिनांना त्यांनी चालना दिली. कर्करोगाच्या संशोधनासाठी 1945 साली स्थापन झालेल्या संस्थेला त्यांचे नाव लाभले. 25 नोव्हेंबर 1958 रोजी डेटन येथे त्यांचे निधन झाले.

अशा माणसाचे मोजमाप कसे करावे? अपयशाला ते भीत नसत. तांब्याच्या पात्यांवरून वाहणाऱ्या हवेने थंड होणारे त्यांचे इंजिन 1923 मध्ये साफ फसले आणि विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या. तरी ते खचले नाहीत. स्वतःच्या ठिणगीवर आळ आला तेव्हा मूळ कारण सापडेपर्यंत ते थांबले नाहीत. शिशाच्या बाबतीत मात्र इंजिनाचा आवाज थांबताच त्यांचे प्रश्नही थांबले. धूर कोठे जातो आणि तो कोणाच्या छातीत उतरतो, हे त्यांनी विचारले नाही. प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांची चिकाटी जरूर घ्यावी. यंत्र सुरळीत चालू लागल्यावर विचारायचा तो पुढचा प्रश्न मात्र त्यांनी स्वतः विचारावा.